मागे जायचं बटण

“सर, तुम्ही आम्हाला फळ्यावर जो कॉम्प्युटर शिकवता, तो खरंच चालू होतो का?”

प्रश्न माझा नव्हता. मधल्या सुट्टीत छकुलीनं पैज लावली होती. “लय बोलते ना तू आताशा? मंग विचार बरं सराइले. नाही विचारलं तर उद्यापासून माह्यं दप्तर तू उचलजो.” मागच्या वर्षीपर्यंत मी हजेरीला ‘यस सर’सुद्धा ओठातल्या ओठात म्हणायचे. यंदा नववीत वक्तृत्व स्पर्धेत तालुक्यात पहिली आले आणि माझ्या तोंडावरचं झाकणच उडालं. म्हणून मी उठले आणि विचारलं.

सरांचा फळ्यावरचा सीपीयू काढून झाला होता, माऊसची शेपटी अर्धीच राहिली होती. त्यांनी खिशातून चाव्यांचा जुडगा काढला, त्यातली एक चावी सोडवली आणि माझ्या बाकावर ठेवली.

“मलेच माहीत नाही,” ते म्हणाले. “जा, पाहून सांग.”

संग्रामपूरच्या आमच्या शाळेतली कॉम्प्युटरची खोली मी अशी उघडली. आत धूळ, पाली आणि चादरी पांघरून झोपलेली मशीनं. त्यातली निम्मी चालू झाली. राहिलेल्यांतले भाग काढून, पुसून, यातलं त्यात घालून आणखी दोन चालू केली. सगळं आईच्या मोबाईलवर व्हिडिओ बघून. हिंदी बोलणारा एक दादा “तो दोस्तों” म्हणत काय काय दाखवायचा, ते मी वहीत न लिहिता डोक्यात ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी करून बघायचे. जुन्या सिस्टीमवर नवी सिस्टीम टाकायलासुद्धा मी तिथंच शिकले. परिपाठात सरांनी सगळ्या शाळेसमोर माझं नाव घेतलं. छकुली मला ‘सुचे’ सोडून ‘इंजिनेर बाई’ म्हणायला लागली. मला ते इतकं आवडायचं की मी मुद्दाम ऐकू न आल्यासारखं करायचे, म्हणजे ती परत म्हणेल.

घरी जेवताना मी हे सगळं सांगायचे. बाबा जास्त बोलत नाहीत, पण घास हातात धरून ऐकत बसायचे.

माझे बाबा, नागसेन, बसस्टँडजवळ डीटीपीचं दुकान चालवतात. पाटीवर आईचं नाव आहे, समता. लग्नपत्रिका, वास्तूची कार्डं, वाढदिवसाचे बॅनर, श्रद्धांजलीचे बॅनर. बाबा मॅटर टाइप करून खामगावच्या प्रेसला पाठवतात आणि छापलेला गठ्ठा बसनं येतो. बाबांचं एक काम मात्र दुसरं कुणी करत नाही. पत्रिका टाइप झाली की ते साध्या कागदावर एक प्रत काढतात, स्कूटरवर बसतात, त्या घरी जातात आणि सगळ्यांना बसवून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्यानं वाचून दाखवतात. वाचल्याशिवाय छापायचं नाही. आमच्याकडे लहान काकाचं नाव मोठ्या काकाच्या वर गेलं की माणसं लग्नाला येत नाहीत. कोणत्या गावच्या कोणत्या घरात कुणाचं नाव कुणाखाली, हे बाबांच्या लॅपटॉपमध्ये वर्षानुवर्षांच्या जुन्या पत्रिकांत साठवलेलं आहे. धाकट्या मुलीचं लग्न निघालं की थोरलीची पत्रिका उघडायची आणि तिथून सुरुवात करायची.

हे सगळं ज्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये होतं, ते फार जुनं होतं. त्याला एक लॉक लागायचं. पेनड्राइव्हएवढं, वर हिरवा दिवा. ते लॅपटॉपला खोचलं तरच सॉफ्टवेअर उघडायचं. बाबा टायपिंग खामगावला मराठी टाइपरायटरवर शिकलेले, आणि त्या सॉफ्टवेअरमध्येही कोणत्या बटणावर कोणतं अक्षर ते सगळं तसंच. ते टाइप करताना कधी खाली बघायचे नाहीत. समोरच्या माणसाशी बोलत बोलत त्याच्याच मुलाची पत्रिका लावायचे.

फक्त दिवाळीपासून स्क्रीनच्या कोपऱ्यात एक पाटी यायला लागली होती. ही सिस्टीम जुनी झाली, हिला आता सुरक्षा मिळणार नाही, नवी घ्या. बाबा टाइप करत असले की ती नेमकी मध्ये यायची.

“काय म्हणते बाप्पा हे?” बाबांनी एकदा लॅपटॉप घरी आणला तेव्हा विचारलं.

“नवी सिस्टीम टाका म्हणते. फुकटात हाये. मी टाकून देऊ?”

“तुले येते?”

“बाबा! शाळेतल्या दोनाइले टाकली मी.”

आई आतून म्हणाली, “शाळेतलं बंद पडलं तं शाळेचं जाते. हे बंद पडलं तं आपली चूल बंद पडते. बापलेकीनं समजून करा.”

बाबा हसले. “माह्यं टायपिंग राहीन ना पोरी?”

“हाव, राह्यते ना!” मी म्हटलं. मी ते कुठंही तपासलं नव्हतं. मला फक्त खात्री होती. मला तेव्हा सगळ्याचीच खात्री असायची.

रविवारी बाबा पातुर्ड्याला नात्यातल्या लग्नाला गेले आणि मी दुकानाचं अर्धं शटर खाली ओढून बसले. टक्के वर चढत होते. लॅपटॉप बंद व्हायचा, परत चालू व्हायचा, गोल गोल फिरायचा. दुपारी नवी स्क्रीन आली. निळी, गुळगुळीत, बटणं मधोमध. मी एकटीच टाळ्या वाजवल्या. मग लॉक खोचलं.

दिवा लागला नाही.

काढून परत खोचलं. दुसऱ्या बाजूला खोचलं. फुंकर मारली. सॉफ्टवेअर उघडायला गेले तर ते म्हणालं, लॉक सापडत नाही. मग वाटलं जुन्या पत्रिका तरी बघू. त्या दुसऱ्या कशात उघडल्या आणि समोर आली डोक्यावर टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं, प्रश्नचिन्हं, डॉलर, उलटे स्वल्पविराम. वरवटच्या, सोनाळ्याच्या, टुनकीच्या सगळ्या माणसांचं ते झालं होतं.

संध्याकाळी त्या हिंदीवाल्या दादाचा व्हिडिओ लावला. शेवटी तो म्हणाला, घाबरायचं काही नाही दोस्तों, आवडलं नाही तर दहा दिवसांच्या आत जुन्या सिस्टीमवर परत जाता येतं. सेटिंगमध्ये जा, इथं ‘मागे जा’ असं बटण आहे. मी सेटिंग उघडली. बटण होतं. मी त्याच्याकडे बघितलं आणि खिडकी बंद केली. मागे जायचं म्हणजे हरायचं. सरांनी शुक्रवारच्या परिपाठात मला ‘घरच्या लॅपटॉपचा अनुभव’ यावर बोलायला सांगितलं होतं. मी तिथं उभी राहून काय सांगणार, की जमलं नाही?

उद्या जमेल, असं मी ठरवलं.

सोमवारी सकाळी बाबा दुकानात बसले. “वा! नवा कोरा दिसून राह्यला,” म्हणाले. मग सवयीनं हात ठेवले आणि समोरच्या गिऱ्हाइकाकडे बघत टाइप करायला लागले. स्क्रीनवर भलतंच उमटत गेलं. त्यांनी बघितलं. हात उचलले आणि तसेच हवेत धरून ठेवले, ओले असल्यासारखे.

“थोडं सेटिंग बाकी हाये,” मी म्हटलं.

त्या आठवड्यात मी शाळेतून थेट दुकानात यायचे. आवाज येत नव्हता, तो आणला. प्रिंटर ओळखत नव्हता, त्याला ओळख करून दिली. अक्षरं मुंगीएवढी झाली होती, ती मोठी केली. प्रत्येक गोष्ट जमली की मी उड्या मारायचे. “बाबा, हे पाहा, झालं!” बाबा मान डोलवायचे आणि विचारायचे, “अन् लॉक?”

लॉकचा जुना ड्रायव्हर शोधला, टाकला, नवी सिस्टीम घेईना. सॉफ्टवेअरला जुन्या पद्धतीनं चालव म्हणून सांगितलं, ते चाललं नाही. लॅपटॉपला काय काय जोडलंय त्या यादीत लॉकच्या नावासमोर पिवळा त्रिकोण यायचा. तो त्रिकोण मला डोळे मिटले तरी दिसायचा.

बुधवारी बाबांनी विचारलं. साधंच, लॉक पुसत पुसत. “पोरी, हे पह्यल्यासारखं नाही करता येत काय?”

“नाही बाबा,” मी म्हटलं. “एकदा गेलं की गेलं.”

ते माझ्या तोंडातून आपोआप निघालं, जसं वक्तृत्वात पाठ केलेलं वाक्य निघतं. नंतर मी वाट बघितली, आता आतून काहीतरी होईल. काही झालं नाही. दाताचं इंजेक्शन दिल्यावर गाल आपलाच असून आपला वाटत नाही, तसं सगळं अंग झालं होतं. मी समोरच्या टपरीवरून चहा आणला, बाबांना दिला आणि पिवळ्या त्रिकोणाकडे बघत बसले.

गुरुवारी बाबा लॉक शर्टाच्या खिशात घालून, वरून बटण लावून, अकोल्याला गेले. ज्याच्याकडून ते सॉफ्टवेअर घेतलं होतं त्याला विचारायला. मी शाळा बुडवून दुकानात बसले. दुपारी वरवटचा राजकुमार आला.

राजकुमार म्हणजे गुलाबरावकाकांचा पुतण्या. गुलाबरावकाका आणि झुंबरबाई यांची धाकटी मुलगी पूनम, तिचं लग्न निघालं होतं. पत्रिकेला आधीच उशीर झाला होता. राजकुमारनं थोरल्या रेणुकाच्या लग्नाची छापील पत्रिका टेबलावर आपटली.

“अशीच पायजे. सेम टू सेम. नवरी-नवरदेव अन् तारीख तेवढी बदल. आज खामगावले नाही गेली तं परवा पाव्हण्याइले काय देऊ, माह्यं डोस्कं?”

“बाबा नाहीत घरी.”

“तू हायेस ना! इंजिनेर म्हणतात म्हणे तुले.”

झालं. मी ती पत्रिका डाव्या हाताला ठेवली आणि नव्या कीबोर्डवर, फुकटात मिळालेल्या फाँटमध्ये, एका एका अक्षराला शोधत टाइप करायला लागले. ‘श्री’ कसा निघतो ते सापडायलाच वेळ गेला. जोडाक्षर फुटलं की मागे जायचं, परत जोडायचं. गणपती लावला, चौकट लावली. आशीर्वाद, विनीत, स्वागतोत्सुक, सगळी नावं जशीच्या तशी उतरवली, कुणाला कुणाच्या वर जाऊ दिलं नाही. खाली ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं’ आणि त्यात चिल्ल्यापिल्ल्यांची नावं. इतकं सुंदर दिसत होतं की मी त्याचा फोटो छकुलीला पाठवला. मग राजकुमारला पाठवला. त्यानं अंगठा पाठवला. मी खामगावला पाठवून दिलं.

संध्याकाळी बाबा आले. अकोल्यातला तो माणूस आता मोबाईलची कव्हरं विकत होता. लॉक हातात घेऊन म्हणाला म्हणे, “अरे, हे अजून वापरता तुम्ही?”

“वरवटची पत्रिका लावली मी,” मी सांगितलं. “पाठवली पण.”

बाबांनी चपला काढता काढता वर बघितलं. “वाचून दाखवलं त्याइले?”

“व्हॉट्सॲपवर पाठवलं. ओके म्हणे.”

बाबांनी चपला भिंतीशी सारल्या. मग म्हणाले, “बरं केलं. काम थांबलं नाही.” आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात बसच्या दांड्यानं थंडगार झाला होता.

दुसऱ्या दिवशी परिपाठात मी बोलले. नवी सिस्टीम, तिचे फायदे, आत्मविश्वास. टाळ्या पडल्या. सरांनी विचारलं, “चालते ना मस्त?” मी म्हटलं, “एकदम मस्त, सर.” छकुली बाकावर म्हणाली, “चेहरा काऊन असा करून राह्यली बे? जिंकली ना तू?” मी हसले. हसायला काही लागत नाही, ओठ ओढायचे फक्त.

शनिवारी गठ्ठा आला. जाड कागदात बांधलेला, सुतळी मारलेला. मी आणि बाबा स्कूटरवर वरवटला गेलो. गठ्ठा माझ्या मांडीवर होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हरभरा सोंगून ठेवलेला. मी बाबांना सांगत होते की आता बॅनरसुद्धा मीच लावते, बघा कसे रंग येतात.

गुलाबरावकाकांच्या अंगणात बाया पापड लाटत बसल्या होत्या. झुंबरबाई हात पुसत आल्या. त्यांनी गठ्ठ्याला हळद-कुंकू लावलं, सुतळी स्वतः सोडली, वरची पत्रिका कपाळाला लावली आणि पूनमकडे दिली.

“वाच वं, मोठ्यानं. मले काय दिसते त्यातलं.”

पूनम लाजली. बाया म्हणाल्या, वाच वाच, स्वतःचंच लग्न हाये. तिनं वाचायला सुरुवात केली. स्वतःच्या नावाला अडखळली, सगळ्या हसल्या. नवरदेवाच्या नावाला परत हसल्या. ती वाचत गेली. आजोबांचे आशीर्वाद. काका, मामा, मावसे. मग, “स्वागतोत्सुक. चिरंजीव दीपक गुलाबराव...”

तिनं नाव वाचलं आणि मग तिला कळलं काय वाचलं ते.

दीपक म्हणजे तिचा भाऊ. गुलाबरावकाकांचा एकुलता मुलगा. दोन वर्षांपूर्वी विहिरीवरची मोटार चालू करताना करंट लागून गेला. सगळ्या तालुक्याला माहीत होतं. मलाही माहीत होतं. त्याचा श्रद्धांजलीचा बॅनर बाबांनी लावला तेव्हा त्याच्या फोटोमागचं झाड कापून काढायला मी मदत केली होती. रेणुकाच्या लग्नात तो होता, म्हणून तिच्या पत्रिकेत होता. आणि मी प्रत्येक अक्षर इतकं जपून उतरवलं होतं, की त्या अक्षरांचं मिळून कोण माणूस होतो ते बघितलंच नाही. बाबांनी वाचलं असतं तर पहिल्या वाचण्यातच ते थांबले असते.

लाटणी थांबली. राजकुमार दारात होता, तो मागच्या मागे निघून गेला. मला वाटलं आता रडारड होईल, शिव्या पडतील. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

“पुढं वाच,” झुंबरबाई म्हणाल्या.

“आई...”

“थांबू नये मधातच. वाच.”

पूनमनं शेवटपर्यंत वाचलं. ताईच्या लग्नाला यायचं हं, तेसुद्धा. झुंबरबाईंनी पत्रिका तिच्या हातातून घेतली, गठ्ठ्यावर ठेवली, कडा सारख्या केल्या. मग बाबांकडे बघितलं. रागानं नाही. जसं आपण रोजच्या रस्त्यात नवीन खड्डा बघतो, तसं.

“नागसेनभाऊ, ह्या टायमाले तुमी वाचून नाही दाखवलं.”

“चुकलं बाई माह्यं,” बाबा म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. “सगळे परत नेतो. दुसरे करून देतो.”

गुलाबरावकाका खाटेवर बसले होते. ते म्हणाले, “चहा घेऊन जा.” कुणीतरी चहा ठेवला. आम्ही प्यायलो. तो गोड होता की नव्हता, मला आठवत नाही. बाया पापड परत लाटायला लागल्या, नुसता लाटण्यांचा आवाज.

येताना गठ्ठा परत माझ्या मांडीवर होता. मी मनात म्हणत होते, रड ना सुचे, आता तरी रड. डोळे कोरडेच होते. उलट हरभऱ्याच्या पेंढ्या मोजायची इच्छा होत होती, आणि मला स्वतःची भीती वाटली.

त्या दिवसापासून बाबा लॅपटॉपसमोर बसले नाहीत. त्यावर त्यांनी टॉवेल टाकला आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. गिऱ्हाईक आलं की सांगायचे, “खामगावले जा भाऊ. तथी चांगलं करतात.” लग्नसराई होती. माणसं एकदा विचारायची, दुकानात डोकावायची आणि निघून जायची. गुलाबरावकाकांची नवी पत्रिका बाबांनी कागदावर पेननं लिहायला घेतली, खामगावच्या प्रेसमध्ये दुसऱ्या कुणीतरी टाइप करावी म्हणून. वीस वर्षं ज्यांनी लिहिण्याऐवजी टाइपच केलं, त्यांचं अक्षर मी पहिल्यांदा नीट बघितलं. वाकडं होतं. दोन ओळी लिहायचे आणि बोटं मिटून उघडून बघायचे.

“माहे बोटं आंधळे झाले,” ते आईला म्हणाले. मी दाराआड होते असं नाही, समोरच होते. ते मला टोमणा मारत नव्हते. नुसतं सांगत होते.

मला बोलले असते तर मी भांडले असते. भांडायला मला आता छान येतं. पण त्यांना मुळात माझी चूक वाटतच नव्हती. त्यांना वाटत होतं जमाना पुढं गेला आणि ते मागे राहिले. मीच तसं सांगितलं होतं, एकदा गेलं की गेलं.

शाळेतून आले की मी टॉवेल उचलून सेटिंग उघडायचे. बटण अजून होतं. बोट त्यावर न्यायचे. मग वाटायचं, हे दाबलं आणि लॉकचा दिवा लागला, तर बाबा विचारतील, हे कसं झालं? मग मला सांगावं लागेल, की हे तेव्हाही होतं. सोमवारीही होतं, तुम्ही विचारलं तेव्हाही होतं, वरवटच्या पत्रिकेआधीही होतं. बोट तिथंच थांबायचं. माझंच बोट, पण ते दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं मी बघत बसायचे. मग टॉवेल परत टाकायचे.

मंगळवारी संध्याकाळी मी घरी आले तेव्हा आई भाकरी थापत होती आणि बाबा जुना डबा घासत होते. झाकणाला कडी असलेला, ते पूर्वी टायपिंगच्या क्लासला न्यायचे तो.

“कुठं चालले?” मी विचारलं.

“खामगावच्या प्रेसमधी बोलावलं,” आई म्हणाली. तव्याकडे बघतच. “उद्यापासून. सकाळची बस.”

“टायपिंगले?”

“टायपिंगले तं त्याइच्याकडं पोट्टे हायेत,” बाबा म्हणाले. “नव्या सिस्टीमवाले. मले गठ्ठे बांधायले. बसून राहण्यापरीस बरं. दुकानाचं पुढं पाहू.”

“पाठ दुखते तुमची,” आई म्हणाली.

“सुतळीच बांधायची हाये, समता. डोंगर थोडाच उचलायचा.”

भाकरी फुगली, आईनं ती उलटली. बाबा डब्याची कडी लावून बघत होते, लागते का. ती लागत नव्हती. त्यांनी ती दातात धरून वाकवली आणि परत लावली. मी त्यांच्या हातांकडे बघत होते. ज्या हातांनी न बघता अख्खी पत्रिका लावली, ते एक कडी लावत होते.

मला काही वाटायची वाट बघायची, तेवढा वेळ उरला नव्हता. वाटलं काय आणि नाही वाटलं काय, पाय चालत होते. मी दुकानाची किल्ली घेतली, गेले, लॅपटॉप आणि चार्जर आणला. बाबांच्या शर्टाच्या खिशातून लॉक काढलं. आईनं पोळपाट बाजूला सरकवला तिथं, पिठातच, लॅपटॉप ठेवला.

“अवं, पिठात कायले ठेवते?” आई ओरडली. “डोस्कं फिरलं काय?”

“आई, गॅस बारीक कर अन् इकडं बस. बाबा, तुमी पण बसा.” माझा आवाज परिपाठातल्यासारखा मोठा निघत नव्हता, पण निघत होता. “तुमी उद्या खामगावले जाणार नाही. मी हे मागं नेऊन राह्यली, जुन्या सिस्टीमवर. मागं नेता येते. उद्यापर्यंत येते, मंग नाही येत. मले पह्यल्याच दिवशी हे बटण दिसलं होतं. तुमी विचारलं तेव्हा मी नाही म्हटलं, कारण मले शाळेत हारल्यासारखं होत होतं. आता शाळेत काय म्हणायचं ते म्हणू द्या. मी आत्ता, तुमच्यासमोर बटण दाबते. दिवा लागला की पूनमताईची पत्रिका तुमीच लावा, आजच. अन् उद्या सकाळी आपण दोघं वरवटले जातो. वाचून तुमी दाखवा. ते जुनं नाव कोणी टाकलं होतं, ते झुंबरबाईले मी सांगते.”